पाव फेरा

मथुरा औटी तळघरात उतरते
तेव्हा आधी चपला काढते, मग दिवा लावते.
अडीच हजार बाटल्या, माना खाली घालून
लाकडी फळ्यांच्या भोकांत रोवलेल्या.
प्रत्येकीच्या बुडाला खडूची एक रेघ.
ती रेघ बघते आणि देते पाव फेरा.
खट्.
झोपलेल्या लेकराची कूस बदलावी, इतकाच.
खट्. खट्.

मी औंधच्या प्रयोगशाळेतून आले होते.
ओतूरच्या वरच्या पठारावर दोन हिवाळे
नुसता पारा लिहीत होते वहीत:
पहाटे पाच, सहा अंश.
पहाटे पाच, चार.
एकदा अडीच, पेनातली शाई चालेना.
थंडी मोजायचा पगार मिळतो हे कळल्यावर
चहावाले दगडू हांडे म्हणाले,
"मग आमची थकबाकी किती निघेल, मॅडम?"

गावात द्राक्ष म्हणजे साखर.
साखर भरली की तोडायचं, पेटी, टेम्पो, मार्केट यार्ड.
आम्ही तोडायला निघालो तीन आठवडे आधी,
एक मणी खाल्ला तरी दात आंबतील अशी.
बांधावरून कुणी ओरडलं,
"कोल्ह्यानं सोडलेली तुम्ही नेताय होय!"
नेत होतो. आंबटपणाच न्यायचा होता,
गोडीला बिचारीला कणा नसतो.

तोडणी रात्री. कपाळाला बॅटऱ्या,
बोटं बधीर, कात्रीचा थंड दांडा.
उसात बिबट्या, म्हणून मथुरानं
कमरेच्या मोबाइलवर जोरात वग लावला,
नारायणगावच्या कुठल्याशा फडाचा.
सकाळी वाफ्याच्या कडेला ठसे निघाले.
"अर्धा वग ऐकून गेला," ती म्हणाली,
"बतावणी आवडली नसंल."

पहिल्या वर्षी आम्हांला श्वासाचा अंदाज आला नाही.
बंद बाटलीत यीस्ट साखर खातं,
खाऊन उसासा टाकतं,
आणि उसाशाला जायला जागा नसते.
मे महिन्यात एकशे त्र्याऐंशी बाटल्या फुटल्या.
एक फुटली की शेजारीण फुटायची, मग तिची शेजारीण.
मी नवऱ्याचं क्रिकेटचं हेल्मेट आणलं.
मथुरानं ते पदरावरून घातलं
आणि काचा वेचत राहिली, जाळीतून शिव्या देत,
बाटल्यांना नाही, मला.

मग जाड काच आली. मग वाट पाहणं आलं.
मेलेलं यीस्ट तळाशी पिठासारखं,
त्याला रोज थोडं थोडं मानेकडे ढकलायचं,
महिनाभर, घाई न करता.
यंत्र मिळतं त्याला. आम्ही किंमत विचारली होती.

चौथ्या वर्षी कल्याणीनगरच्या एका हॉटेलात
आमच्या बाटलीला कापडी पिशवी घालून
सात परक्या बाटल्यांत उभी केली.
एका परीक्षकानं डोळे मिटले.
भाजलेला पाव, म्हणाला. हिरवं सफरचंद. थोडा खडू.
"कुठल्या थंड देशातली?"
मी म्हटलं, "जुन्नर तालुका."
तो काहीच बोलला नाही,
त्यानं ग्लास पुन्हा पुढे केला.

त्या रात्री मी एक ग्लास तळघरात नेला.
मथुरानं तो आधी कानाला लावला.
"तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यागत."
मग नाक. मग एक घोट, डोळे उघडे ठेवून.
"भाकरीची करपलेली कड,"
ती म्हणाली, "आणि रात्रभर फुगलेलं पीठ.
यासाठी एवढं?"
पुन्हा एक घोट घेतला. लहान नव्हता.
अर्धा ग्लास पायरीवर ठेवून उठली,
"दोन रांगा राहिल्यात अजून."

वहीत दुसऱ्या दिवशीची नोंद:
पहाटे पाच, सात अंश.
ग्लासातले बुडबुडे गेलेले.
उरलेलं मथुराबाईंनी दाराशी अबोलीला ओतलं,
आणि मला विचारलं,
चालतं ना तिला?